बोअरला तेलाचा वास येतो

उद्यमनगरात, फाउंड्रीच्या मागच्या बोळात
दस्तगीर मिस्त्रींच्या बोअरला
मंगळवारपासून तेलाचा वास येतोय.
बादलीत पाण्यावर जांभळा-हिरवा तवंग
आणि भोवती अख्खी गल्ली.
"मिस्त्री, आता काय, अरबच झालासा की!"
चहा आला. कुणीतरी पेढेसुद्धा आणले.

मला बोलावणं, कारण मी कॉलेजात दगड शिकवते,
आणि माझी स्कूटर
आजच त्यांच्याकडे ऑईल बदलायला उभी.

"मॅडम, मला आधीच ठावं हुतं.
बिनतेलाचं इंजिन किती चालंल?
एवढी मोठी धरणी रातंदिस गरागरा फिरती,
तिच्या बेअरिंगला तेल नको व्हय?
आन् आपण त्येच उपसायला लागलोय.
भूकंप म्हंजे दुसरं काय, सांगा की.
पिस्टन धरतोय."

मी खडूने शटरवर थर काढले.
इथे, कोल्हापूरच्या खाली, काळा कातळ.
लाव्हा आला, थिजला. परत आला, परत थिजला.
साडेसहा कोटी वर्षांची ही शेगडी.
शेगडीत कधी तेल निपजतं का?

तेल समुद्राचं.
मोहरीलाही मोठं म्हणावं असे जीव,
वर लाटेत ऊन खाल्लेले,
मेले की गाळात उतरायचे.
हवा नाही, म्हणून कुजणंही अर्धंच राहिलेलं.
त्यावर गाळ, त्यावर गाळ,
आणि खालून आच.

"किती आच?"
हा प्रश्न मिस्त्रींचा. गल्ली पेढ्यात होती.

गुऱ्हाळावर बघितलंय ना, म्हटलं,
गुळव्या काहिलीपाशी कसा उभा असतो?
जरा आधी उतरवली तर काकवी,
जरा उशीर झाला तर करपलं.
तसंच. आच कमी पडली तर गाळ कच्चाच,
जास्त झाली तर नुसता वायू.
मधल्या तेवढ्या आचेत तेल.
फक्त इथे गुळव्या नाही,
आणि काहील उतरायला लागतात कोटी वर्षं.

मग ते चढतं. पाण्याहून हलकं ना.
वाळूच्या दगडातून थेंब थेंब वर,
घट्ट झाकणाचा दगड लागेपर्यंत.
तिथेच थांबतं.
खाली तळंबिळं काही नसतं, मिस्त्री.
लोणच्याच्या फोडीत खार मुरावा
तसं दगडात मुरलेलं असतं.

"आन् तिथं करतं काय?"

काही नाही.

"बेअरिंग?"

नाही. पृथ्वीचं त्याच्यावाचून
काही अडत नाही.

मिस्त्रींनी पान्याची मूठ पुसली.
मग दुसरा पाना उचलून त्याचीही पुसली.
मला बोलायचं होतं की, काहीच न करणं
हेही एक काम असतं,
एवढं जुनं ऊन
धूर होऊ न देता सांभाळून ठेवणं.
पण मी बादलीवर वाकले होते.

वास कच्च्या तेलाचा नव्हता.
जळक्याचा होता.

मिस्त्री, गाड्यांचं काढलेलं ऑईल कुठे टाकता?

पेरूच्या झाडाखाली खड्डा होता.
झाड कधीच वठलेलं,
खड्ड्याच्या काठाला डांबरासारखी साय.
"अडतीस वर्सं," मिस्त्री म्हणाले,
"एक थेंब गटारीत सोडला न्हाई.
भंगारवाला पैसे देत हुता, त्यालाबी दिला न्हाई.
म्हटलं तिचं तिला. आपण एवढं उपसतोय,
जरा घालावं मागारी."

कातळाला भेगा असतात.
भेगांतून पाणी जातं,
पाण्यामागून आणखी काय काय.
हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते
आणि दरवर्षी चार मार्कांना विचारते.
त्यांना सांगताना मात्र
आवाज बारीक झाला.

गल्ली पांगली. पेढ्यांचा पुडा बाकावर उघडाच.
बाजूच्या शेडमध्ये भट्टीचं दार उघडलं,
क्षणभर सगळ्यांची तोंडं लाल झाली.

माझ्या स्कूटरखालचा ट्रे भरला होता.
सवयीने मिस्त्रींनी तो उचलला,
सवयीने चार पावलं पेरूकडे गेले,
आणि उभे राहिले.

"मॅडम, हे कुठं ओतू?"

ट्रेमध्ये काळं, अजून कोमट,
त्यांच्या हाताच्या थरथरीने
जरासं हलत होतं.