बांबूवरच्या खुणा

छपराचं पाणी पूर्वेच्या स्टँडखाली साठतं.
रोज सकाळी मी त्यात बांबू बुडवून बघतो.
बांबूवर चाकूनं खुणा केल्यात :
दिवाळी, संक्रांत, होळी.
एप्रिलच्या सतरा तारखेला ओल
होळीच्याही खाली चार बोटं.

मी भरमा हलगेकर, मार्कंडेय फुटबॉल क्लबचा माळी.
कागदावर ग्राउंड सुपरवायझर.
गवत कागद वाचत नाही.

गेल्या साली क्लबनं शपथ घेतली, फोटो पेपरात आला :
बोअर मारायची नाही, टँकर बोलवायचा नाही,
प्लास्टिकची बाटली गेटाच्या आत नाही.
आठ हजार स्टीलचे पेले आले.
पहिल्या मॅचला सहाशे पेले लोकांबरोबर घरी गेले.
दुसऱ्या मॅचला त्यातले चाळीस परत आले,
एकाला हळदीचा डाग,
एकावर कुणाच्या तरी लग्नाची तारीख कोरलेली;
तो आमचा नव्हताच.

कचऱ्याच्या डब्यांवर वर मराठी की वर कन्नड,
यावर तीन मीटिंगा झाल्या.
डबे तोवर कोरे, आणि कचरा पायरीवर.
शेवटी शिवलीला हिरेमठ मॅडमनी ब्रश घेतला,
एकावर केळ्याचं साल काढलं, एकावर चुरगळलेला कागद.
सालाबद्दल कुणीच हरकत घेतली नाही.

दिवे वाचावेत म्हणून रात्रीची मॅच दुपारी चारला आली.
टीम मात्र सांबऱ्याहून विमानानं गेली,
पार गुवाहाटीपर्यंत.
विमान कुठल्या डब्यात टाकायचं
ते चित्र मॅडमनी अजून काढलेलं नाही.

शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी
अनगोळचा टँकरवाला गेटाशी दोनदा हॉर्न वाजवून गेला.
मॅनेजर आभाळाकडं बघितले, मग माझ्याकडं.
"भरमा, निम्मंच भिजव."
कुठलं निम्मं, ते त्यांनी सांगितलं नाही.
पोरं जिथं गुडघ्यावर पडतात
तिथं मी पाणी दिलं,
आणि उत्तरेच्या गोलपुढचा तुकडा
तसाच सोडला, बिस्किटाच्या रंगाचा.
पाईप गुंडाळताना त्याच्याकडं बघितलं नाही.

ऐंशीवं मिनिट.
लांबून आलेला बॉल, आळशी,
शाळेतल्या पोरानं पायानं अडवावा असला.
कोरड्या ठोंबावर आपटला, उडाला,
दस्तगीरच्या खांद्यावरनं आत.
आधी सगळं गप्प.
मग वरच्या पायरीवरनं एक आवाज :
"ग्राउंडला पाणी पाजवूलालास का वाळवूलालास रे?"
आणि आठ हजार माणसं हसली.
पेले पायऱ्यांवर वाजले बराच वेळ.
मी कॉर्नरच्या झेंड्यामागं उभा होतो,
झेंडाएवढाच बारीक.

सांज झाली. मी जाळी सोडवत होतो.
दस्तगीर मुल्ला आला, अनवाणी,
ग्लोव्ह्ज काखेत, हातात अर्धा पेला.
"हितंच काय?"
"हितंच."
उकिडवा बसला. बोटानं ठोंब चाचपला,
जसं दुखरं दात जिभेनं चाचपावं तसं.
मला वाटलं, आता बोलणार.
त्यानं पेल्यातलं पाणी ओतलं.
माती चुर्र झाली, एवढंच.

"मेलंय काय?"
मी दोन पेरं खोल बोट घातलं,
ढेकूळ उचकटलं.
खाली मूळ होतं, शेवईसारखं, पांढरं.
"न्हाई."
"मग बरं," म्हणाला,
आणि बसकडं लंगडत गेला.
पेला ठोंबावर पालथा ठेवून.

रात्री पेल्यांच्या मोजणीत एक कमी भरला.
शिवलीला मॅडमनी दोनदा मोजले,
वहीत लाल शाईनं लिहिलं : हरवला.
मी काही बोललो नाही.
सकाळी बांबू बुडवला.
ओलीपाशी नवी खूण करायला चाकू काढला,
आणि तिला कुठला सण म्हणावं
ते ठरवत उभा राहिलो.