पान फुटलंय

"पान फुटलंय," इराप्पा मुचंडींचा फोन,
सकाळी साडेनऊला, संस्थेचं शटर वर करून
अगरबत्ती लावायच्याही आधी.
अर्धवट झोपेत मला वाटलं, कुंडीतल्या कशाला तरी.

माझ्याकडे ते फुटलेलं नाही.
गोवावेसच्या खोलीत, खाली टायरवाला हवा भरतोय,
मी तीन ब्राउझर उघडून बघते,
मोबाइल आडवा धरते, उभा धरते,
खिडकी चेपत चेपत चार बोटांची करते,
चौकटी निमूट एकीखाली एक येऊन बसतात.
मराठी आधी की कन्नड आधी,
यावर संचालक मंडळ दोन तास बसलं होतं.
शेवटी ठरलं, पान उघडेल तसा क्रम उलटायचा.
जावास्क्रिप्टच्या चार ओळी.
एवढ्या ओळींत इथलं दुसरं काही मिटलेलं मला माहीत नाही.

हे पान आधी कुणी कालकुंद्रीकर करून गेले होते.
टेबलात टेबल, त्यात पुन्हा टेबल,
मधे जागा धरायला एकेका ठिपक्याची
पारदर्शक चित्रं.
एका टेबलाच्या डोक्यावर शेरा: हे हलवू नका.
का, ते लिहिलं नव्हतं.
मी हलवलं.
पप्पा खड्डामागावर बसायचे, म्हणायचे,
उकलताना धागा तोडू नये, कुठे गुंतलाय ते आधी बघावं.
मी घाईत होते.
नवे आडवे-उभे ताणे घातले, ग्रिड म्हणतात त्याला,
आणि काठ वेगळा लिहिला:
बॉर्डर, एक पिक्सेल, सलग.
या गावात हा शब्द रोज टाइप करताना
पहिल्या वर्षी हसू यायचं.

दुपारी वडगावला गेले.
काँप्युटरवर प्लास्टिकचं आवरण, दसऱ्याचं कुंकू तसंच,
ब्राउझर असा की कंपनीनेच त्याचं श्राद्ध घातलेलं.
बदलता येत नाही.
हिशेबाचं सॉफ्टवेअर त्याच्याच खांद्यावर उभं आहे.
माझ्या चौकटी गाठोड्यांसारख्या एकावर एक,
आणि जोडाक्षरं सगळी सुटलेली.
'वस्त्र' म्हणजे चार जण रांगेत, दोघांचे पाय मोडलेले.
'हिशेब'मधली वेलांटी ह ला सोडून
श च्या दारात उभी.
कन्नडचे ओत्तक्षर, पायाशी बसणारे,
तेही उठून बरोबरीला आलेले.
यंत्राने भेद केला नव्हता.

"रात्री नीट करते," मी म्हटलं.
इराप्पा चष्मा पुसत होते.
"अक्षराचं सोड की. ते बरं झालंय.
मी मराठी तसंच शिकलो, तंगी,
पन्नाशीला, पावत्यांवरनं, एकेक सुटं करून.
जोडून लिवलं की दम लागतोय मला.
पत्त्याचं चौकोन तेवढं खाली घे,
बटणावर बसलंय बघ ते."
आणि काचेवर बोट ठेवून वाचून दाखवलं,
न अडखळता, सगळे व्याजदर.

मी म्हटलं, मीही कन्नड तशीच वाचते, बसच्या पाटीवर,
पायातलं अक्षर सापडेपर्यंत
बस येळ्ळूरला पोचलेली असते.
त्यावर त्यांनी चहा सांगितला.

रात्री अट घातली:
हा ब्राउझर असेल तर ग्रिड विसर,
चौकटी डावीकडे तरंगू दे,
तेही जमत नसेल तर एकाखाली एक, साधं.
फाँटची रांग लावली,
हा नसेल तर तो, तो नसेल तर घरात असेल ते.
अक्षरं जोडून दाखवायचा एक उपाय होता,
मजकुराची चित्रं करून टाकायची.
केला नाही.
वर एक शेरा, पडद्यावर न दिसणारा,
पुढे हे उकलायला बसेल त्याच्यासाठी:
इराप्पांच्या मशीनसाठी. तिथे जाऊन बघितल्याशिवाय काढू नये.
मराठीत लिहिला. मग त्याच्याखाली,
एकेक अक्षर शोधत, कन्नडमध्ये.
दोन-तीन चुका असतील.
ब्राउझर शेरे वाचत नाही.