धुणं झाल्याची धून

मी त्यांची व्हॅन चालवायचो.
कॅसेटच्या पाठीवर, आभारांच्या शेवटच्या ओळीत
माझं नाव आहे: एगर्टचं 'एगर'.
आम्ही डॅनिश लोक बोलताना अर्धी अक्षरं गिळतोच,
छापखान्यानं आणखी एक गिळलं.

विबेके आणि त्रोल्स. 'पोस्टबॉक्स नऊ'.
दोन माणसं, एक सिंथेसायझर
आणि एक ड्रम-मशीन, जिला आम्ही सासूबाई म्हणायचो,
कारण ती कधी ताल चुकत नसे
आणि दुसऱ्याचा चुकला की सोडत नसे.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ते गाणं लागलं.
सॉसेजच्या गाड्यांवर,
धक्क्यावर मासे उतरवणाऱ्यांच्या ट्रान्झिस्टरवर,
माझ्या दंतवैद्याकडेसुद्धा, ड्रिलच्या वरताण.
रात्री दहाला उजेड अजून रेंगाळत असायचा,
होब्रोहून रानर्सकडे मी गाडी हाकायचो,
मागे ती दोघं एकच सफरचंद आलटूनपालटून खात.
लोक विचारायचे, त्यांचं काही आहे का?
मी म्हणायचो, आहे,
सा आणि ग यांच्यात असतं तेवढं अंतर.
तो खालून गायचा, ती वरून,
सीगल बोटीबरोबर जातो तशी,
बोटीला न शिवता.

दुसरा अल्बम इंग्रजीत केला, जर्मनांसाठी.
उसन्या कोटासारखी ती भाषा, बाह्या लांब.
तिसऱ्याच्या वेळी
एका टाळीच्या आवाजावरून तीन आठवडे वाद.
एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात;
त्रोल्सनं बटण दाबून वाजवून दाखवली.
विबेकेनं कोट घेतला.
होल्स्टेब्रोच्या स्टेशनवर मी तिला सोडलं, तेव्हा
एवढंच म्हणाली: हीटर चालू ठेव,
काच धुरकटते.

पुढचं तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.
तिनं एकटीचा एक अल्बम काढला, नुसता गळा, वाद्य नाही.
चारशे प्रती. सोळा माझ्या पोटमाळ्यावर आहेत.
मग मुलांच्या कार्यक्रमात
ती सहा वर्षं एका पाणमांजराचा आवाज होती.
मग लेसो बेटावर,
समुद्री गवतानं शाकारलेल्या घरांपाशी,
चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची नोकरी.
लग्नं कमी, मयतं जास्त.

त्रोल्सनं नाचाचा बँड काढला, बुडाला.
बँकेच्या जाहिराती केल्या, तरंगला.
शेवटी यंत्रांना आवाज द्यायला लागला:
लिफ्टचं दार, विसरलेला सीटबेल्ट,
उघडा राहिलेला फ्रीज.
"माणसाला पाच सेकंदांत बोलवायचं, आणि चिडवायचं नाही,"
फोनवर म्हणाला,
"अख्ख्या अल्बमपेक्षा अवघड आहे, एगर्ट."

गेल्या मार्चात मी फेरीनं लेसोला गेलो.
विबेके राईच्या पावावर हेरिंग मांडत होती.
आत न्हाणीघरात वॉशिंग मशीन गरगरत थांबलं
आणि वाजलं. सात स्वर.

मी तेव्हाच ओळखले.
कडवं संपल्यावरची खालची ओळ, त्रोल्सची,
संथ केलेली,
आणि शेवटाच्या आधी एक जागा मोकळी सोडलेली.

विबेके पाठमोरी होती, हातात सुरी.
मान न वळवता तिनं वरची ओळ गुणगुणली,
बरोबर तेवढ्याच उंचीवरून,
आणि मोकळ्या जागेत श्वास घेतला.

"नेहमी असं करतेस?"
"कसं?"
कांदा चिरून झाला.
"काही नाही," मी म्हणालो.

नंतर वाऱ्यात चादरी वाळत घातल्या.
दुसरं टोक मी धरलं.
तिनं विचारलं, व्हॅनचं काय झालं रे?
विकली, म्हटलं, स्केनच्या एका मासेवाल्याला.
हीटर चालायचा का तिचा, शेवटी शेवटी?

ते मी त्याला
कधी विचारलंच नव्हतं.