हवा

देवबागात आमच्या घराला दोन दारं,
एक खाडीकडे, एक समुद्राकडे.
पोरं कुठल्या दारातून उगवतील सांगता येत नाही.
येतात ती हवेसाठी.
माझ्या मिंगेलचा सायकलचा पंप
तो कुवेतला गेल्यापासून ओसरीवर उभा आहे,
वाडीत तेवढा एकच.

पैसे घेत नाही मी.
पाय धुवून या म्हणते, पाणी देते,
आणि नाताळ नसतानाही नेवऱ्या तळते
त्या एवढ्यासाठीच.

पहिल्यांदा विचारलं हेमांगीनं,
वाल्व्हवर बोट दाबून धरत:
"त्या फोटोतल्या माणसाच्या हातांक काय झाला?"
खिळे, म्हटलं.
"मगे टिटॅनसचा इंजेक्शन?"
मला हसू आलं, मग गेलं.
चाळीस वर्षं त्या चित्राखाली गुडघे टेकले,
इंजेक्शनाचं माझ्या मनात आलं नव्हतं.
नाही गं, म्हटलं. कुणी काहीच दिलं नाही त्याला.
ती बराच वेळ गप्प पंप मारत राहिली.
ट्यूब फुटेल म्हटलं, तेव्हा थांबली.

उपदेश मला येत नाही.
फादर करतात रविवारी, माईकवर, तेवढा पुरे.
मला येते ती माशांची गोष्ट,
कारण ती तारकर्लीच्या अलीकडची वाटते:
रात्रभर होडी, जाळं रिकामं,
पहाटे किनाऱ्यावरून कुणी हाक मारतो,
उजव्या अंगाला टाका.

"उजव्याच कशाक?" यदू कुबल मध्येच.
"पाण्याची ओढ बघूक नको?"
अश्फाक म्हणाला, कधी कधी किनाऱ्यावरूनच दिसतो मासा,
पाण्याचा रंग बदलतो,
होडीतल्या माणसाला कळत नाही.
यदूला पटलं. मलाही.
इतकी वर्षं मी चमत्कार धरून बसले होते;
कुणीतरी बाहेर उभं राहून
आपलं पाणी बघत असतं, एवढंच असेल.
एवढंही पुष्कळ.

एकशे त्रेपन्न मासे, मी सांगितलं.
"मोजले कोणी?"
काय ठाऊक.
"वाटे घालणाऱ्यान," यदू ठाम.
"रापण ओढली की मोजूकच लागतत. नायतर भांडणां."
आणि किनाऱ्यावर त्यानं निखारे पेटवून ठेवलेले,
वर मासा, बाजूला भाकर.
दमलेल्यांना कुठे होता, काय चुकलात, काही विचारलं नाही.
म्हणाला, या रे, आधी खाऊन घ्या.
"खयचो मासो?" तिघंही एकदम.

एका तिन्हीसांजेला यदूची आई सुगंधा आली,
खाडीकडच्या दारात, आत नाही.
"पोरांका काय सांगतस गे?"
माशांचं.
"आणि?"
तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं.
म्हटलं, ज्याच्यावर माझा जीव आहे त्याचं सांगते,
तू तुझ्या भावाचं सांगतेस तसं.
पोर तुझं. त्याला मी कुठे नेत नाही.
ती उंबऱ्यावर टेकली. दिवा लावायची वेळ टळून गेली
तरी बसून होती.
उठताना म्हणाली, "आमच्या जत्रेक येतलंस मां?"
म्हटलं, गेल्या वर्षी खाजं कोणी आणलं तुझ्या घरी?

मार्चात तीन दिवस रापण रिकामी आली.
चौथ्या सकाळी मी मिस्साहून वाळूतून परतत होते,
चपला हातात, उपासाचे दिवस, पोट आत गेलेलं.
माडाच्या सोडणांवर पोरांनी बांगडे घातले होते,
चार. कुठून आणले विचारलं नाही.
यदूचं तोंड धुरानं काळं.
"गे बाय," त्यानं वर न बघताच हाक मारली,
"ये, आदी खावन् घे."

बसले.
घाईनं उचलायला गेले नि बोटं भाजली.
हेमांगीनं माझा हात ओढून घेतला,
तळवा उलटा केला,
नीट बघितला, मधोमध,
आणि फुंकर घातली.