पंचवीस वाजून दहा मिनिटं

पुरसो मडकईकरांची वही मी आधी वाचली नाही,
आधी टंकली. चूक तिथेच झाली.

चोडणच्या खाजणात, पावणीत घेतलेल्या मानशीच्या दारापाशी
सहा वर्षं बसून त्यांनी पाणी मोजलं होतं.
खांबावरची खूण, तारीख, वेळ,
आणि सुंगटं किती मिळाली तेही, कधी टोपलीत, कधी शिव्यांत.

आल्तिनोवरच्या खोलीत मी आलेख काढायला सांगितला
तर पडद्यावर कोळिष्टक.
भरतीची रेघ रोज एक महिना उडी मारत होती,
बाराव्या दिवशी डिसेंबर गाठून
परत जानेवारीत आपटत होती.
आणि तेरा तारखेपासून पुढे काहीच नाही,
कुठल्याच महिन्यात.
खांब खोटा म्हटलं, मग वही खोटी म्हटलं,
चहा झाल्यावर कळलं
की ह्या प्रोग्रामाला आधी महिना लागतो.
तीन एप्रिल त्याने चार मार्च म्हणून वाचली.
तेरावा महिना सापडेना,
म्हणून तेरा एप्रिल मुकाट गिळली.

मग त्याला नव्या पोस्टमनला घर सांगावं तसं सांगितलं:
आधी दिवस, मग तिरपी रेघ, मग महिना,
वर्ष चार आकडी, तास चोवीसचे,
कापेलाकडून उतर, वडाला डावीकडे ठेव.

पाणी जरा रांगेत आलं.

पण वहीत सगळीकडे आकडे नव्हते.
'आमोरीची घंट झाली तेव्हा.'
'शेवटची फेरीबोट गेल्यावर बऱ्याच वेळाने.'
'वीज नाही, अदमासे.'
प्रोग्रामाने तिन्हींपुढे एकच शेरा दिला:
वेळ नव्हे.

सुनेला फोन केला, प्रशिलाला. आमोरी किती वाजता?
"सात म्हणा," ती म्हणाली,
"पण तेव्हा घंटेवर पेद्रू होता, आणि पेद्रू..."
पुढे नुसती हसली.
मी सात वाजून पाच लिहिलं.

मग आलं २५:१०.
वयाचा हात, म्हटलं, चुकला असेल.
पुढच्या पानावर २४:४०. पावसाळ्यात एकदा २५:५५.
असा तास नाही, असं प्रोग्राम म्हणाला,
आणि मला त्याचं पटलं.
चोवीसच्या वर गेला तर चोवीस वजा कर,
तारीख एकाने पुढे ढकल:
एका ओळीचा नियम, एका ओळीत निकाल.

प्रशिला म्हणाली, "रात्रीचं जाळं उचलून घरी येईपर्यंत
त्यांचा आजच चाले.
जेवले, आडवे झाले, की उद्या.
आणि भरती कधी विचारलं तर पंचांग नाही काढायचे.
तिथीची पाऊणपट करायची, झालं."

पाऊणपट. म्हणजे रोज पाऊण तास उशीर.
मी आलेखावर बोट ठेवून शिखरं मोजली:
काल, आज, परवा,
प्रत्येक शिखर पन्नासेक मिनिटं उजवीकडे सरकलेलं.
चंद्राच्या हिशेबात पाण्याचा दिवस
पंचवीस तासांना जेमतेम दहा मिनिटं कमी.

नियम मी खोडला नाही. रेघ त्यावरच उभी आहे.
फक्त शेजारी आणखी एक रकाना घातला, 'मूळ वेळ',
त्यात जसंच्या तसं, घंटेसकट.

जुलैच्या अकरा दिवसांवर नोंदी नव्हत्या.
तिथे प्रोग्रामाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत
सुतासारखी सरळ रेघ ओढली होती,
जणू पाणी त्या अकरा दिवसांत शहाण्यासारखं वागलं.
शेवटच्या नोंदीखाली दोनच शब्द: 'बांध फुटला.'
ती रेघ मी तोडली. मोकळं राहू दे म्हटलं.

फाइल बंद करताना खाली कोपऱ्यात पाहिलं.
संगणकाने तारीख कधीच बदलली होती,
मला न विचारता.
मी अजून जेवले नव्हते.
नोंद करणाराच्या नावापुढे सही केली,
तारीख कालची ठेवली,
वेळ २४:२०.