एका कान्याचा फरक

थेम्सच्या दक्षिण काठाला, अस्वलांच्या झुंजीच्या कुंपणाला लागून
आमचं नाटकघर. मी तिथली शिंपीण, थॉमसिन.
बाप दस्त लिहायचा, त्यानं मला अक्षर दिलं.
नवरा प्लेगात गेला, त्याची कात्री राहिली.

रोज दुपारी शिंग वाजायच्या आत
मी ऍम्ब्रोजची बाई करते.
कमरेला वेताचा सांगाडा, त्यावर झगा,
छातीशी लोकरीचे दोन बोळे. डावा नेहमी घसरतो.
वय चौदा. ओठांवर लव आलीय,
मी लिंबू चोळते, तो शिव्या देतो.
"बसताना गुडघे जवळ.
हसायचं ते आधी डोळ्यांनी, दात मागाहून.
आणि समोरचा काही सांगत असेल
तर तुला ते आधीच ठाऊक होतं, हे दिसू द्यायचं नाही."
"तुम्ही बायका हे रोज करता?"
"फुकट," मी म्हणते, तोंडात टाचण्या धरून.
या राज्यात गादीवर बाई चालते,
फळ्यांवर चालत नाही.

दुसऱ्या अंकात नायिका पुरुषवेष घेते.
म्हणजे पोरगा पोरगी होऊन पुन्हा पोरगा होतो,
आणि मला पडद्याआड, वीस श्वासांत,
सकाळपासून रचलेली बाई उतरवावी लागते.
मग ती, म्हणजे तो, बंडी घालून
ज्याच्यावर जीव जडला त्याच्याच शेजारी बसते
आणि प्रेम कसं करावं ते त्याला शिकवतो.
निघताना वाक्य आहे : "बरंय, येतो."
ऍम्ब्रोज मुद्दाम चुकतो. "येते." जीभ चावतो. "येतो!"
एका कान्यावर अडीच हजार माणसं लोळतात.
शेजारचं अस्वलही हुंकारतं.

खाली उभ्यानं बघणाऱ्या, पेनीवाल्या गर्दीत एक बार्नबी.
कापडाच्या दुकानात उमेदवार, नखांत निळीचा रंग.
त्याची पहिली चिठ्ठी संत्र्याला दोऱ्यानं बांधून आली :
"बाईंना."
ऍम्ब्रोजनं संत्रं खाल्लं, चिठ्ठीला हात पुसले.
शेगडीत टाकण्याआधी मी वाचली.
"तुम्ही हात उचलता तेव्हा बाहीला, मनगटाशी,
एक घडी पडते. ती मला झोपू देत नाही."

ती घडी माझी.
तीनदा उसवून घातली होती.

मी उत्तर दिलं. एकच. मग आणखी अकरा.
त्यांत खोटं काही लिहिलं नाही,
फक्त नाव लिहिलं नाही.

गेल्या गुरुवारी त्यानं लिहिलं :
काळोख पडला की घाटाच्या पायऱ्यांवर.
मी गेले. बाई म्हणून कशी जाणार?
चाळिशीची शिंपीण दिसली असती.
खलाशाच्या सोंगाची जुनी बंडी चढवली, खांद्यात ढगळ.
पोरानं झगा घातला तर टाळ्या,
बाईनं बंडी घातली तर ब्राइडवेलचा चाबूक,
हे इथं लहान मुलांनाही पाठ आहे.
"मी तिचा भाऊ," मी सांगितलं. "ती येणार नाही."
तो बसून राहिला. मीही बसले.
भरतीचं पाणी तिसऱ्या पायरीला लागलं.
मग म्हणाला, "तिचं अक्षर पाहिलंय तुम्ही?
ओळ संपता संपता खाली उतरतं,
कुणी दमून कठड्याला टेकावं तसं.
रंगमंचावर मात्र ती कधीच दमत नाही."
आणि माझ्या हातांकडे बघितलं,
की नदीकडे, अंधारात नीट कळलं नाही.

अस्वलं झोपली होती. हसायला कुणी नव्हतं.
मी उठले, टोपी सारखी केली,
"बरंय," म्हटलं, "ये..."
पुढचं अक्षर काही केल्या जमेना.

एवढ्यावरच तो उठून उभा राहिला.