बारीक धार

सोबिएस्की रस्त्यावरचं दुमजली घर मी घेतलं
तेव्हा ते डावीकडे कललेलं होतं, मी उजवीकडे;
तेवीस वर्षं शाळेची बस चालवून,
दाराचा दांडा ओढून ओढून खांद्याला आलेला बाक.
वाटलं, म्हातारपणी घर मला पोसेल.
घरानं पहिल्याच हिवाळ्यात बॉयलर मागितला.

वर लोरेटा प्रुइट. हॉस्पिटलच्या धुलाईखात्यात रात्रपाळी.
आणि नऊ वर्षांचा मायका, माझ्याच बसमधला,
सातवा थांबा.
दोन वर्षं भाडं एक तारखेच्या आधी, पाकिटात,
पाकिटावर 'मिसेस झारेंबा'.
माझं लग्न झालेलं नाही. मी कधी सुधारलं नाही.

ऑगस्टात अर्धं आलं.
सप्टेंबरात निरोप : शुक्रवारी नक्की.
वर्षात शुक्रवार बावन्न.

बहिणीचा नवरा ताडेउश, त्याची बफेलोत अकरा घरं,
म्हणाला, भाडेकरूशी हसायचं नाही.
हसलीस की महिना गेला.
मी न हसता जिना चढले.
तिच्या अंगाला इस्त्रीचा वास, डोळे रात्रीचे उरलेले.
म्हणाली, कामाचे तास कमी केलेत.
मी म्हटलं, बँकेनं हप्ता नाही केला.
वाक्य चांगलं जमलं होतं.
खाली येईपर्यंत शिळं झालं.

जेवणाच्या टेबलावर हिशोब : हप्ता, घरपट्टी, विमा, पाणी.
पाण्याचं बिल माझ्या नावावर, गॅसचं तिच्या.
तीनदा बेरीज केली. तिन्ही वेळा तीच आली.

नोव्हेंबरात तिच्या दारावर नोटीस लावली, चौदा दिवसांची,
चारही कोपऱ्यांना टेप,
वाऱ्यानं उडाली असं कुणी म्हणायला नको.

दुसऱ्या दिवशी सातव्या थांब्यावर मायका चढला.
'गुड मॉर्निंग' म्हणाला, नेहमीसारखं.
त्याला सगळं वाचता येतं.
वाचनाचं बक्षीस त्यानं माझ्या बसमध्येच उघडलं होतं.
आरशात चाळीस डोकी,
त्यातलं एक खिडकीकडे वळलेलं.
पुढचे तीन थांबे
माझा इंडिकेटर चालूच राहिला होता.

कोर्टात आम्ही एकाच बाकावर बसलो,
दुसरा रिकामा नव्हता.
रात्रपाळीहून आलेली ती, बसल्या बसल्या झोपली.
आमचा नंबर पुकारला तेव्हा
मीच तिला कोपरानं हलवलं.
पंधरा जानेवारी, न्यायाधीश बाई म्हणाल्या.
थकलेलं भाडं कागदावर राहिलं,
कागद माझ्या पर्समध्ये.

सोळाला किल्ली फिरवली.
ताडेउशनं माझी तयारी करून घेतली होती :
फोडलेल्या भिंती, संडासात सिमेंट,
उपटून नेलेले नळ.

खोल्या झाडलेल्या.
पडद्याचा दांडा मात्र नेलेला. तो माझा होता.
ओव्हनच्या तळाला जळकं चीज, तसंच.
आणि स्वयंपाकघरात
आवाज.

नळ सोडून ठेवला होता. पेन्सिलीच्या शिशाएवढी धार.
खालचं कपाट सताड उघडं,
पाईपाला घराची ऊब लागावी म्हणून.
थर्मोस्टॅट पंचावन्नावर, तिच्या नावाच्या गॅसवर.
ते बिल ती भरणार होती का,
गॅस कंपनी जाणे.

पहिल्या हिवाळ्यात, याच जिन्यात, मी तिला सांगितलं होतं :
पारा फार उतरला की नळ बारीक सोडत जा,
कपाट उघडं ठेव.
पाईप फुटला तर दोघी बुडू.
तेव्हा आम्ही हसत होतो.

बाहेर सरोवराकडून आलेला बर्फ,
कुठली गाडी कुणाची ओळखू येईना.
ताडेउशचा फोन वाजला. घर कसं सोडलंय?
मी म्हटलं, दांडा नेलाय पडद्याचा.
तो म्हणाला, सांगत होतो ना.

नळाच्या चावीवर हात ठेवला,
तसाच काढून घेतला.
तळघरात मीटर फिरत होतं,
माझ्या नावावर.